श्रद्धा आणि उत्क्रांती : समेट कुठे होतो, अडचण कुठे उरते

नवी दिल्ली : राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) दहावीच्या विज्ञान पुस्तकात पूर्वी ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असे एक प्रकरण होते. करोनाकाळानंतर अभ्यासक्रमाचे सुसूत्रीकरण झाले, तेव्हा या शीर्षकातील दुसरा शब्द आणि त्याखालील मजकूर वगळण्यात आला. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमी नागरिकांनी खुल्या पत्राद्वारे या निर्णयावर आक्षेप नोंदवला. विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्यासाठी हा बदल केला असून बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे स्वतंत्र प्रकरण आहे, असे त्यावर स्पष्टीकरण देण्यात आले. मात्र दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना ते प्रकरण कधीच शिकायला मिळत नाही, हा मूळ आक्षेप त्याने दूर झाला नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पाठ्यपुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे.

हा बदल धार्मिक कारणावरून केल्याचे परिषदेने म्हटलेले नाही. तरीही त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. ईश्वर मानणाऱ्या, घरात पूजाअर्चा, नमाज किंवा प्रार्थना पाहत वाढलेल्या विद्यार्थ्याने उत्क्रांतीचा सिद्धांत स्वीकारला, तर त्याला श्रद्धेतील नेमके काय सोडावे लागते आणि काय सोडावे लागत नाही? गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत जगभरातील शास्त्रज्ञ, धर्मगुरू आणि विचारवंतांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ती समजून घेण्याआधी सिद्धांत नेमके काय सांगतो, हे पाहणे आवश्यक आहे.

सिद्धांताचे म्हणणे

चार्ल्स डार्विन यांचा ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील मध्यवर्ती युक्तिवाद तीन साध्या निरीक्षणांवर उभा आहे. एकाच जातीतील जीव परस्परांपासून थोडेफार भिन्न असतात. या भिन्नतेचा काही भाग पुढील पिढीत उतरतो. आणि जन्मणाऱ्या सर्वच जीवांना जगून प्रजा निर्माण करता येत नाही. त्यामुळे भोवतालच्या परिस्थितीत उपयोगी पडणारे गुण पिढ्यान्‌पिढ्या अधिक प्रमाणात टिकतात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. दीर्घ काळात अशा बदलांची बेरीज होऊन नव्या जाती उदयास येतात.

ही प्रक्रिया केवळ भूतकाळातील नाही. क्षयरोगाच्या रुग्णाने औषधोपचार अर्धवट सोडले, तर औषधाला दाद न देणारे थोडे जिवाणू तगून राहतात आणि त्यांचीच संख्या वाढते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण असलेल्या भारतात औषधाला न जुमानणारा क्षयरोग ही सार्वजनिक आरोग्यापुढील गंभीर अडचण आहे. त्यामागील यंत्रणा नैसर्गिक निवडीचीच आहे.

या सिद्धांताविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज म्हणजे ‘माकडापासून माणूस झाला’ हे वाक्य. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला आणि तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्याचा सल्ला दिला.

वस्तुतः आजच्या माकडाचा माणूस झाला, असे विज्ञान म्हणतच नाही. मानव आणि चिंपांझी यांचा एक समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होता आणि त्याच्यापासून दोन स्वतंत्र शाखा फुटल्या, असे ते सांगते. म्हणजे आजचा चिंपांझी माणसाचा पूर्वज नव्हे, तर दूरचा भाऊबंद ठरतो. हे कोणी डोळ्यांनी पाहिले नसले, तरी त्याच्या खुणा शरीरात आहेत. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसाच्या पेशीत २३. मानवाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात, एरवी फक्त टोकांशी आढळणारी रचना मधोमध सापडते. दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एक झाल्याचा हा पुरावा आहे.

डार्विनचा श्रद्धाळू पाठीराखा

उत्क्रांती आणि धर्म यांची पहिल्या दिवसापासून लढाई होती, ही समजूत इतिहासाला धरून नाही. अमेरिकेत डार्विनचे सर्वांत प्रभावी समर्थक ठरलेले हार्वर्ड विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे निष्ठावंत ख्रिस्ती होते. ग्रंथाची अमेरिकी आवृत्ती काढण्यासाठी त्यांनीच पुढाकार घेतला. नैसर्गिक निवड ही ईश्वराची कार्यपद्धती असू शकते आणि जीवांमध्ये उद्भवणारे बदल उपकारक दिशेने वळवले जात असावेत, असे ग्रे यांचे मत होते. या विषयावरील त्यांचे निबंध १८७६ मध्ये ‘डार्विनियाना’ या संग्रहात प्रसिद्ध झाले.

डार्विन यांना मात्र हा तोडगा पटला नाही. मे १८६० मध्ये ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने मांडली. काही गांधीलमाशीसदृश कीटक जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले त्या अळीला आतून खात वाढतात. दयाळू ईश्वराने हे हेतुपूर्वक निर्माण केले असेल, यावर विश्वास ठेवणे आपल्याला अवघड जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाळीव प्राणी व वनस्पतींवरील ग्रंथाच्या शेवटी त्यांनी ग्रे यांना आणखी एक उत्तर दिले. कड्यावरून निखळून पडलेल्या दगडांतून निवड करून एखाद्या गवंड्याने घर बांधले, तर प्रत्येक दगडाचा आकार निसर्गनियमांनी ठरलेला असतो. परंतु तो आकार त्या घरासाठी मुद्दाम घडवला होता, असे म्हणता येत नाही. जीवांतील बदलांचेही तसेच आहे, असे डार्विन यांनी सुचवले.

या मतभेदाने दोघांच्या मैत्रीत बाधा आली नाही. पुढील सर्व चर्चेचे दोन मुख्य प्रश्न मात्र त्यातूनच निश्चित झाले. सृष्टीतील यातनांचा अर्थ काय? आणि दिशाहीन वाटणाऱ्या बदलांत ईश्वराच्या हेतूला जागा कोणती?

चर्च आणि न्यायालय

बायबलमधील वंशावळींचा हिशेब करून सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाल्याचे म्हटले होते. तो हिशेब अक्षरशः खरा मानणाऱ्यांना भूशास्त्र आणि उत्क्रांती, दोन्ही अमान्य करावी लागतात. तथापि सर्व ख्रिस्ती परंपरा अशी अक्षरनिष्ठ नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधन व चर्चा करण्यास हरकत नसल्याचे सांगितले. आत्मा मात्र ईश्वर थेट निर्माण करतो, ही शिकवण त्यांनी कायम ठेवली. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीला निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक मानावे लागेल, असे धर्मपीठाच्या विज्ञान अकादमीला कळवले. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये त्याच अकादमीसमोर बोलताना, ईश्वराची कल्पना जादूची कांडी फिरवणारा अशी करू नये, असे म्हटले.

अमेरिकेत हा वाद वारंवार न्यायालयात गेला. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील शाळा मंडळाने जीवसृष्टीमागे बुद्धिमान रचनाकार असल्याची कल्पना उत्क्रांतीचा पर्याय म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे ठरवले. पालकांनी त्याविरुद्ध दावा दाखल केला आणि डिसेंबर २००५ मध्ये ती कल्पना विज्ञान नसून धार्मिक मत असल्याचा निकाल लागला. पालकांच्या बाजूचे प्रमुख शास्त्रज्ञ साक्षीदार केनेथ मिलर हे स्वतः कॅथलिक आहेत. वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या गुणसूत्राचा पुरावा त्यांनीच न्यायालयात उलगडून दाखवला. जॉन हॉट या कॅथलिक धर्मतत्त्वज्ञांनीही उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष दिली. त्याआधी १९८२ मध्ये निकाली निघालेल्या आर्कान्सा राज्यातील खटल्यात सृष्टिवादी कायद्याला आव्हान देणाऱ्यांत अनेक धर्मगुरूच होते. न्यायालयीन लढाईची विभागणी आस्तिक विरुद्ध नास्तिक अशी नव्हती, हे यातून स्पष्ट होते.

भारतातील वेगळी वाट

भारतीय परंपरेपुढे काळाच्या मापाची ही अडचण नव्हती. पुराणांतील कालगणनेनुसार ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा असतो. आधुनिक विज्ञानानुसार पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. हे आकडे जवळचे असल्याने पृथ्वीचे वय आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु दोन्ही आकड्यांकडे जाणारे मार्ग भिन्न आहेत. एक आकडा युगांच्या गणितातून येतो. दुसरा अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५० च्या दशकात उल्केतील शिशाच्या समस्थानिकांचे मोजमाप करून काढला. तो कोणालाही पुन्हा मोजून पडताळता येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील विचारवंतांनी उत्क्रांतीला विरोध करण्याऐवजी तिला आपल्या दर्शनांशी जोडून पाहिले. स्वामी विवेकानंदांनी पतंजलींच्या योगसूत्रांचा आधार घेतला. शेतकरी पाटाचा बांध दूर करतो आणि पाणी आपोआप शेतात शिरते, त्याप्रमाणे अडथळे दूर होताच प्रकृतीतील मूळची पूर्णता प्रकट होते, असा त्या सूत्रांचा भाव आहे. जे पुढे विकसित होते ते आधीपासूनच आत सामावलेले असते, असे विवेकानंदांचे प्रतिपादन होते.

मराठी वाचकांना या चर्चेचा परिचय लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्य’मुळे झाला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांनी कपिलमुनींचे सांख्यशास्त्र आणि डार्विन व अर्न्स्ट हेकेल यांच्या मतांची शेजारी शेजारी तुलना केली. एका अव्यक्त प्रकृतीपासून क्रमाक्रमाने व्यक्त सृष्टी उलगडते, या सांख्य कल्पनेत आणि आधुनिक विचारात त्यांना साम्य दिसले. मात्र सृष्टीच्या जडणघडणीचा हा हिशेब म्हणजे अंतिम तत्त्वज्ञान नव्हे, प्रकृतीच्या पलीकडील ब्रह्मतत्त्वाचा प्रश्न वेदान्ताचा आहे, अशी मर्यादाही त्यांनी आखून दिली.

या प्रयत्नांमुळे सुशिक्षित हिंदू समाजात उत्क्रांतीला पाश्चात्त्य देशांतल्यासारखा कडवा विरोध झाला नाही. पण या सोप्या स्वीकाराची एक किंमतही होती. सांख्यांची प्रकृती पुरुषाच्या भोग व मोक्षासाठी प्रवृत्त होते, तर विवेकानंदांच्या मांडणीत विकासाचे गन्तव्य आधीच ठरलेले आहे. डार्विनच्या नैसर्गिक निवडीत असे गन्तव्य नाही. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र बदलला.

‘उत्क्रांती’ या शब्दानेही या घोटाळ्याला हातभार लावला आहे. ‘उद्’ या उपसर्गामुळे वरच्या पायरीवर जाण्याचा भास होतो. संस्कृत तत्त्वज्ञानग्रंथांत हाच शब्द प्राणाने देह सोडून निघून जाण्यासाठी येतो. जीवशास्त्रातील उत्क्रांती म्हणजे जिना नव्हे, असंख्य फांद्यांचा वृक्ष होय. त्यात जिवाणू खालच्या पायरीवर आणि माणूस वरच्या, असे काही नसते. दोघेही तितक्याच दीर्घ परंपरेचे आजचे वारस आहेत.

दशावताराचे साम्य कुठवर?

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या अवतारक्रमात उत्क्रांतीचा क्रम दडलेला आहे, ही कल्पना भारतात अतिशय लोकप्रिय आहे. ती पुराणकाळापासून चालत आलेली नाही. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ मधील ‘आयसिस अनव्हेल्ड’ या ग्रंथात अशी तुलना मांडली होती. २०१९ मध्ये जालंधर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे म्हटले, तेव्हा या तुलनेवर पुन्हा वाद झाला.

रूपक म्हणून ही तुलना मुलांच्या लक्षात राहते, हे खरे. पाण्यातील जीव आधी आणि जमिनीवरील नंतर, एवढे तिच्यातून कळते. त्यापुढे ती टिकत नाही. डुक्कर कासवापासून निपजलेले नाही आणि अर्धा सिंह, अर्धा मनुष्य असा जीव माणसाच्या पूर्वजांत नव्हता. वामनापासून पुढचे अवतार तर एकाच मानवजातीचे आहेत. शिवाय मत्स्यावताराची कथा मनूला प्रलयातून तारण्याची आहे, माशांची उत्पत्ती सांगण्याची नाही. ‘अवतार’ म्हणजे खाली उतरणे. ईश्वर भक्तांसाठी उतरून येतो, हा त्या कथांचा आशय आहे.

विज्ञानातील विधानाची कसोटी वेगळी असते. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधील दुवा सुमारे ३७.५ कोटी वर्षे जुन्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत मिळावा, असा अंदाज बांधून संशोधकांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्स्मियर बेटावर शोध घेतला. तेथे २००४ मध्ये ‘टिक्टालिक’चा जीवाश्म सापडला. त्याला माशासारखे खवले आणि पर होते, पण मान हलवता येत होती आणि परांत मनगटासारखी हाडे होती. कोठे काय सापडेल हे आधी सांगणे आणि न सापडल्यास चूक मान्य करण्याची तयारी ठेवणे, हे पुराणकथेचे काम नाही. तशी अपेक्षा ठेवल्यास विज्ञानाचे नुकसान होतेच, कथेचाही मूळ अर्थ हरवतो.

समेटाचे मार्ग

श्रद्धा आणि उत्क्रांती एकत्र नांदवण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग क्षेत्रविभागणीचा. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९९७ मध्ये तो मांडला. जग कसे आहे हा प्रश्न विज्ञानाचा, जीवनाचा अर्थ आणि नीती हा प्रश्न धर्माचा. ही विभागणी सुटसुटीत असली, तरी धर्म अनेकदा जगाविषयीही विधाने करतो, हा तिच्यावरील आक्षेप महत्त्वाचा आहे.

दुसरा मार्ग ईश्वराला निसर्गनियमांच्या मागे पाहण्याचा. युक्रेनमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले थिओडोसियस डोबझान्स्की हे आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या शिल्पकारांपैकी एक. उत्क्रांतीच्या प्रकाशाविना जीवशास्त्रातील कशाचाच अर्थ लागत नाही, असे सांगणारा त्यांचा १९७३ मधील निबंध जगभर शिकवला जातो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असलेल्या डोबझान्स्की यांनी त्याच निबंधात उत्क्रांती ही ईश्वराची निर्मितीची रीत असल्याचे स्वतःचे मतही नोंदवले आहे. त्यांच्या संशोधनात मात्र ईश्वर हे स्पष्टीकरण म्हणून कोठेही येत नाही.

तिसरा मार्ग धर्मग्रंथ वाचण्याची रीत बदलण्याचा. जॉर्डनमधील हाशिमाईट विद्यापीठातील रेणवीय जीवशास्त्रज्ञ राणा दजानी मुस्लिम विद्यार्थ्यांना उत्क्रांती शिकवतात. धर्मग्रंथ हे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक नव्हे आणि ग्रंथाचा अर्थ लावणे हे मानवी, म्हणून सुधारण्याजोगे काम आहे, अशी त्यांची भूमिका आहे. २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी आपला अनुभव मांडला. याउलट तुर्कस्तानने २०१७ मध्ये शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती वगळण्याचे जाहीर केले.

उरणारे प्रश्न

या मार्गांनी सर्व अडचणी संपत नाहीत. माणूस निर्माण व्हावा म्हणून सृष्टीची योजना झाली, या श्रद्धेला दिशाहीन उत्परिवर्तनांच्या पुराव्याशी जुळवून घ्यावे लागते. यातनांचा प्रश्न तर अधिकच तीव्र होतो, कारण मृत्यू आणि भूक हेच येथे निवडीचे साधन ठरते. कर्मसिद्धांत मानणाऱ्यांपुढे वेगळा प्रश्न येतो. जीवात्मा चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरतो, हे विधान आत्म्याच्या प्रवासाचे आहे, देहाच्या वंशावळीचे नाही. उत्क्रांतीमुळे ते सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही. मात्र मनुष्ययोनी सर्वांहून वेगळी आणि श्रेष्ठ आहे या समजुतीला, इतर प्राण्यांशी सिद्ध झालेल्या रक्ताच्या नात्यामुळे, नव्याने अर्थ द्यावा लागतो.

या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळणारी नाहीत आणि ती शोधण्याचे ओझे दहावीच्या वर्गावर टाकण्याचेही कारण नाही. विद्यार्थ्याने आपली श्रद्धा सोडावी, अशी अट हा पाठ घालत नाही. पुरावा काय आहे आणि त्यावरून निष्कर्ष कसा काढला जातो, हे समजून घेणे एवढीच त्याची अपेक्षा असते. एसा ग्रे यांनी डार्विनचे म्हणणे आपल्या सोयीने सौम्य न करता आधी पूर्ण समजून घेतले आणि मग त्याच्याशी वाद घातला. डोबझान्स्की, मिलर आणि दजानी यांनीही आधी विज्ञान जसे आहे तसे स्वीकारले. जो सिद्धांत वर्गात शिकवलाच गेला नाही, त्याच्याशी असा समेट करणे किंवा मतभेद नोंदवणे, यांपैकी काहीच विद्यार्थ्याला शक्य होत नाही. अभ्यासक्रमाविषयीच्या आक्षेपाचे गांभीर्य यात आहे.